चंपाबाईची जबानी

पोर्ट लुई, २ सप्टेंबर १८६१

आबा,

साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे. इथे भात मिळतो, मासळीही मिळते, तेव्हा आईला म्हणावं, पोरगा वाळलेला नाही. मी बाप्तिस्मा घेतल्यावर तुम्ही माझ्या नावाने घागर फोडलीत, तीन पत्रांना उत्तरही नाही. तरी हे वाचाच. आपल्या गावचा नंदलाल पुढच्या जहाजाने परत येतोय. तो सांगेल, कृष्णदेवाला मिशनने हाकललं. त्याच्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

शमें ग्रेनिएजवळ उसाचा मळा आहे, इथे त्याला कोठी म्हणतात. तिथल्या आपल्या लोकांना आणि त्यांच्या पोरांना मी मिशनच्या शाळेत शिकवायचो. कोठीचा साहेब त्यांच्याकडून रविवारीही गोठे झाडून घ्यायचा. मी सरकारी कायदा इंग्रजीत वाचला आणि छाती काढून सांगितलं, "रविवारी काम नाही. खुशाल मिशनच्या देवळात या, कोणाला विचारायला नको."

सतरा जणी निघाल्या. वाटेत शिपायांनी धरलं. कोठीबाहेर पडायला पास लागतो, रविवारीसुद्धा. ते कलम पुढच्या पानावर होतं. मी पान उलटलंच नव्हतं.

सोळा जणींना ताकीद मिळाली. रत्नागिरीकडची विधवा चंपाबाई, तिला पुढारी ठरवून कोर्टात उभं केलं. मराठी-इंग्रजी दोन्ही येणारा मीच, म्हणून दुभाष्याची शपथ मलाच दिली. पाद्रीसाहेबांनी आधीच बजावलं होतं, "तुझं नाव निघालं तर सगळ्या कोठ्या आपल्याला बंद."

मॅजिस्ट्रेटने विचारलं, "तुला कोणी उठवलं?"

"कोनी न्हाय," चंपाबाई म्हणाली. "मला काय पाय न्हाईत?"

मी इंग्रजीत सांगितलं. लोक हसले.

"रविवारी काम नसतं, हे कुठून कळलं?"

"सहा दिस ऊस तोडला की पाठच सांगते."

मग ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मास्तर, तुमी गप ऱ्हावा. पोरांना शिकवायला दुसरं कोन हाय?"

"आता ती काय बोलली?" मॅजिस्ट्रेटने विचारलं.

पाणी मागतेय, असं म्हणता आलं असतं. पण तिचा प्रत्येक शब्द सांगायची शपथ होती. सांगितला. आणि पुढे म्हणालो, "ती मला वाचवतेय. चूक माझी आहे."

तिला सोडलं. बाहेर येऊन ती माझ्यावरच तापली, "शिकल्यालं मानूस आन् इतकं येडं?"

आठवड्यात मिशनने माझ्याकडून शाळेची किल्ली काढून घेतली. आता मी बंदरात पोती उतरवतो.

आणि ऐका. पुढच्या रविवारी चंपाबाई साहेबाच्या दारात जाऊन बसली. रविवारच्या कामाची गोष्ट कोर्टात निघाल्यामुळे साहेबाला नाही म्हणता येईना. सतरा पास घेऊनच ती उठली. आता पोरांनाही तीच शिकवते. मी शिकवलेलं अडखळत वाचते, पण प्रत्येक पान उलटते म्हणे.

आईला सांगायचं राहिलं. यंदा येतो म्हणालो होतो. परतीचं भाडं मिशन देणार होतं, ते आता नाही. किती वर्षं लागतील, माहीत नाही.

गप राहिलो असतो तर नंदलालच्याच जहाजाने आलो असतो, आबा. पण मग तुमच्यासमोर उभा राहू शकलो नसतो.

ताठ मानेने,
तुमचा मुलगा
कृष्णदेव