निर्गुडीनं हटलं ते

आई, सकाळी माझी कंबर धरली आणि सून बांधावरचा निर्गुडीचा पाला घेऊन आली. तव्यावर पाला पडला, घरभर तो उग्र वास सुटला. मी तिला नको नको म्हणत होते. तो वास मला अजून तुझ्या दुखण्याचाच वाटतो.

तासगावला बेदाण्याच्या शेडात तू दिवसभर वाकून बेदाणा निवडायचीस. घरी चूल पेटली की भाकरीआधी तव्यावर पाला पडायचा. निर्गुडी, नाहीतर तेल लावलेलं एरंडाचं पान. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं ते कमरेला आवळून तू भाकऱ्या थापायला बसायचीस, ओठ घट्ट मिटलेले. "उसण हाय, पाल्यानं हटंल," एवढंच तुझं म्हणणं. मी पायाळू, पायाकडून जन्मलेली. उसण भरली की अख्खी गल्ली आपल्या सोप्यात पालथी पडून माझा पाय कमरेला लावून घ्यायची आणि बरं वाटलं म्हणून जायची. मला त्याचा भारी तोरा होता. तू मात्र कधी पाय लावू दिला नाहीस. का म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "लेकीचा पाय लावून घ्याचा न्हाई. माझं दुखणं तुज्यात उतरंल."

मिरजेच्या डॉक्टरांनी मणक्यात गाठ आहे म्हणून सांगितलं, तोवर फार उशीर झाला होता. पाल्यानं काही होईना, गोळ्यांनीही होईना. एका दुपारी तू कण्हत भिंतीकडे वळलीस. "लाव गं पाय. आता लय झालं." मी पाय ठेवला. तुझी पाठ इतकी वाळली होती, की भार द्यायची भीती वाटली. त्याच आठवड्यात तू गेलीस.

आता माझं दुखतंय ते अगदी तिथंच. डॉक्टर म्हणतात, शिलाई मशिनवर वाकून वाकून मणक्यातली गादी सरकलीय. मी मात्र मनात धरून बसले होते, की हे तुझंच, त्या दुपारी माझ्या पायातून वर चढलेलं. म्हणजे जाताना तेवढं तरी तुझं कमी झालं असणार. कुणाला सांगितलं तर खुळ्यात काढतील.

सून काही ऐकणारी नव्हेच. तिनं पाला बांधला. आता संध्याकाळ झालीय आणि मी उठून बसून, पाठ न टेकता हे लिहितेय. हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून खरं ते लिहिते. दुखायचं थांबलंय आणि मला रडू आवरत नाही. तुझं असतं, तर ते पाल्यानं हटलं नसतं.