साधं पेट्रोल

खामगाव
२३ ऑगस्ट २०२५

प्रिय जीवनदादा,

नमस्कार घे. तू फोन उचलत नाही, म्हणून मेलं हे पत्रच लिहून राह्यली. इथं सारे बरे हायेत, असं लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं.

काल पोळा झाला. बैलजोडी विकली तेव्हापासून बाबा गाडीचाच पोळा करतात, तुले माहीतच हाय. काल बी तिले धुतलं, हळदकुंकू लावलं, पुरणपोळी दाखवली अन् पंपावर नेऊन ते जास्त ऑक्टेनचं भारी पेट्रोल पाजलं. "सरकीची ढेप खाल्ल्याबिगर बैलाले जोर येते का?" हे त्यायचं म्हणणं कायम.

पहिले तू हसायचा. "बाबा, ज्या इंजिनात दाब जास्त, त्यालेच ते लागते. आपल्या गाडीच्या पुस्तकात साधंच लिहिलं हाय. भारीचं टाकून ना ती जोरात पळन, ना ॲव्हरेज वाढन." पुण्यात दिवसभर गाड्याच खोलतो तू. तुले नाही कळन तर कोणाले?

मंग आता काऊन विसरला? आईले घेऊन अकोल्याच्या दवाखान्याच्या दारात पोचलो, तेव्हा बाबा एकदाच बोलले, "साधं टाकलं काऊन बे?" बस. आईची तेरवी केली अन् तू गेला तो गेलाच. मावशीले म्हणाला म्हणे, "मीच मारलं आईले. भारीचं असतं तर थोडं आधी पोचलो असतो." अरे वेड्या! नसतो पोचलो.

बाबाचं बी काय चुकलं? त्यायले कोणावर तरी रागवायचं होतं. देवावर रागावले असते तर बरं झालं असतं. आता संध्याकाळी गाडीत बसून राहतात, चालू न करता. मी चहा तिथंच नेऊन देते.

जे लिहायचं टाळत होती, ते लिहून टाकते. मागच्या सीटवर आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अर्ध्या रस्त्यातच, बाळापूरच्या अलीकडं, तिचा हात ढिला पडला. मले कळलं. बाबा समोर डोळे मिटून जप करत होते, अन् तू गाडी अशी हाणत होता की तेव्हा बोलली असती तर आपण कोणीच उरलो नसतो. अकोला दिसायले लागलं तसं तू मागं न पाहता विचारलं, "आई, आयकून राह्यली ना?" मागून "हुं" आलं. तेरवीत तू साऱ्यायले रडूरडू तेच सांगत होता, की आई शेवटपर्यंत माझ्याशी बोलली.

दादा, ते "हुं" आईचं नव्हतं. मी म्हणलं होतं.

बाबाले अजून माहीत नाही. एकटीनं सांगवत नाही रे. तू ये.

आईच्या आवाजात तुले फसवणारी,
तुझीच अर्पिता