खादाड पेट्या

ता. ६ जानेवारी

चि. मेकॅनिक नातीस, आजीचे पोटभर आशीर्वाद.

लोकांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करताना वेळेवर जेवतेस ना? माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शाळा दुसरीतच सुटली, तेव्हा सांभाळून घे.

बातमी अशी की घरात नवं यंत्र आलंय. आजोबांच्या स्पीकरच्या दोन मोठ्या पेट्यांना आवाज पुरवणारं लोखंडी धूड होतं ना, ते जळालं म्हणे. तुझ्या मामानं ते भंगारात दिलं आणि नवा अॅम्प्लिफायर आणला. एवढासा, चहाच्या डब्याएवढा. एका हातानं उचलून पुसते. निळा दिवासुद्धा आहे. लेक असावा तर असा, हे शेजारणीला ऐकवून झालं, परत ऐकवणार आहे.

एकच वाईट झालं, माझे कान गेले. गाणाऱ्याचा खालचा सूर येतच नाही, ढोल म्हणजे पत्रा बडवल्यासारखा. बटण पिळलं की आवाज फाटतो आणि यंत्र गप्प बसतं. मामा म्हणाला, यंत्र कोरं आहे, वय तुझं झालंय. असेल बाई. म्हणून गाण्याच्या मंडळात जाणं सोडलं. बेसूर गाऊन हसं कशाला करून घ्यायचं?

हो, आणि ढमी मांजर रुसलीय. धुडाच्या उबेवर झोपायची, नव्याला हुंगतसुद्धा नाही. दुपारी कुठे उंडारते कोण जाणे, पण येते ती इस्त्री केल्यासारखी ऊन होऊन.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी आजी

ता. १४ जानेवारी

ती. आजीस, नातीचा सा. न. वि. वि.

आधी हे वाच, मग चष्मा पुस. तुझे कान गेलेले नाहीत.

आजोबांच्या पेट्या मी त्यांच्यासोबत उघडून पुसल्यात. पाठीवर चार ओहम लिहिलंय. म्हणजे त्या वीज घटाघटा पितात, आणि एवढं पिऊन आवाज मात्र चिमूटभर देतात. खादाड आणि कामचुकार, असं आजोबाच म्हणायचे. त्यांना पोसायला ते धूडच हवं. डब्याएवढं यंत्र त्यांच्यापुढे दमतं, आवाज फाडतं आणि जीव वाचवायला बंद पडतं. बटण जास्त पिळू नकोस, फाटक्या आवाजानं पेटीतले वरचे छोटे स्पीकर जळतात.

मामाला हे ठाऊक आहे. आजोबांनी आम्हा दोघांना एकदमच शिकवलं होतं. धूड जळालं तर त्यानं माझ्याकडे का नाही पाठवलं, एवढंच कळत नाही.

मंडळात जा. तुझी माया आहे, तशीच असू दे.

तुझी नात

ता. २३ जानेवारी

चि. नातीस, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी घरभर नाचले. गुडघ्यांनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी मंडळात गेले. बाजारातल्या शिंपिणीनं शेजारी जागा धरून ठेवली होती. म्हणाली, तुझ्यावाचून खालचा सूर कोण धरणार.

त्या आनंदात ढमीच्या मागे निघाले, बघू तरी बया जाते कुठे. गेली ती थेट समोरच्या इमारतीत, मामाच्या जिन्यानं वर. मी जिना चढत नाही हे त्याला पक्कं माहीत. पण त्या दिवशी अंगात वारं होतं, चढले.

दार उघडंच होतं. ढमी त्याच्या टेबलावर, धुडावर पसरलेली. बटणावर लाल ठिपका. मला इंग्रजी अक्षरं लागत नाहीत म्हणून आजोबांनी नखाच्या रंगानं लावून दिलेला. त्याला जोडलेले त्याचे दोन टीचभर स्पीकर. बटण जेमतेम हललेलं. माझ्या पेट्या उपाशी, आणि इथे चिमण्यांपुढे पंगत वाढलेली.

मामा म्हणाला, आई, तुला कुठे फरक कळणार होता.

अगं, वस्तू न्यायची होती तर न्यायची. मागितली असती तर पुसून दिली असती. माझे कान कशाला नेलेस रे, एवढंच विचारायचं होतं. ढमीला काखेत मारलं आणि निघाले. मागून त्यानं हलकेच आई म्हणून हाक मारली. अगदी कुजबुजल्यासारखी.

स्वच्छ ऐकू आली गं. मीच बहिरी झाले आणि जिना उतरले.

शेजारणीला अजून काही बोलले नाही. तू येऊन जा. लोभ तुझ्याकडे ठेवलाय, जपून वापर.

तुझी आजी