बटणावरची तार

ता. ३ मार्च

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

अण्णांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. कारखान्यातल्या कागद कापायच्या यंत्राला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही. काम भराभर उरकावं म्हणून मालकाने एक बटण तारेने कायमचं बांधून टाकलं होतं. मोकळा हात पात्याखाली राहिला. तासाभरात तार गायब! वर हा मनुष्य फुलं घेऊन हॉस्पिटलात आला आणि म्हणाला, म्हातारपणी लक्ष राहत नाही. ती फुलं मी जिन्यावरून त्याच्याच टकलावर फेकली.

मला भरपाई नको, तो गजाआड हवा. वकिलाकडे कारकुनी करतोस ना? मग सांग, कोर्टात दुसरी तार दाखवली तर काय बिघडलं? मी तिथेच पुस्तकं तारेने शिवते. माझ्या टेबलावर तारेचा ढीग आहे.

लोभ आहेच, राग त्याहून मोठा.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच लिहायला बसलो. अण्णांसाठी आणि तू काय करून बसशील या भीतीनेही. खोटी तार दाखवू नकोस. बटणावर घासल्याची खूण असेल, अण्णा साक्ष देतील, तेवढं पुरे. मला छडी मारणाऱ्या मास्तरांना तू छडी परत करायला निघाली होतीस, ते आठवतं. म्हणून हात जोडतो.

रागातून उरला तर लोभ पाठव.

बारक्या

ता. २० जून

चि. बारक्यास अ. आ.

ऐकलं नाही. तार कोर्टात ठेवली आणि शपथेवर सांगितलं, यंत्रावरची ती हीच. मालकाचा चेहरा पांढरा पडला. काळजाला गारवा मिळाला रे!

मग अण्णा उभे राहिले. तार डाव्या हातात घेतली, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि म्हणाले, तार होती, पण ही नव्हे. ती जाड होती. मालकाचा वकील गालात हसला. मला वाटलं, बापानेच गळा कापला.

काल निकाल लागला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, जो पोटच्या मुलीचं खोटं खोडतो, त्याचा शब्द मी खरा धरते. बटणावरची खूणही जाड तारेचीच आहे. मालकाला वर्षाची कैद. महिनाभरात हजर व्हायचं आहे. आणि खोट्या साक्षीबद्दल मला नोटीस.

अण्णांशी अबोला धरला आहे. तरी त्यांच्या सदऱ्याची बटणं लावायला दोन हात लागतात, ते माझेच.

होईल ती शिक्षा भोगीन. तुझ्या वकीलसाहेबांना एवढंच सांग, मालकाला आत नेईपर्यंत मला बाहेर ठेवा. तुरुंगाच्या दारात उभं राहून बघायचंय.

लोभ शिल्लक ठेव, लागणार आहे.

ताई