सातव्या विहिरीचा हट्ट

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. माझे विचार इतरांस झेपत नाहीत. निदान कागदास झेपावेत.

संकल्प: महिनाअखेर नदी-भूजल मॉडेल पूर्ण करणे. सिद्धान्त तयार आहे, केवळ पुरावा उरला आहे. सिद्धान्त असा: आपल्या भागात जमिनीखालचे पाणी नदीच्या पातळीपेक्षा उंच आहे. पाणी उंचावरून सखलाकडे जाते, हे बालवाडीसही मान्य. सबब विहिरींचे पाणी झिरपून नदीस मिळते. नदीतले सांडपाणी विहिरीत शिरणे असंभव. नदी कितीही गलिच्छ होवो, विहिरी सोवळ्यात.

काठच्या आठ विहिरी टेपने मोजल्या. सगळ्या मॉडेलशी सहमत, एक सोडून. क्रमांक सात. तिचे पाणी नदीच्याही खाली. ही आमच्याच इमारतीच्या आवारातली. घरचेच विरोधी पक्षात बसतात, याचा अनुभव विवाहापासून आहे.

५ फेब्रुवारी
सातवी पुन्हा मोजली. आणखी खाली. टेप आखडला असावा.

तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांची तक्रार: पाण्याला वास येतो. इमारतीच्या पाणी समितीचा अध्यक्ष या नात्याने मी त्यांस समजावले की विहिरीवरचा पंप नवा आहे, नव्या वस्तूंना वास असतोच. ते म्हणाले, पंप बसवून वर्ष झाले. मास्तरांना काळाचे भान फार.

पंप माझीच योजना. पहिल्याच्या दुप्पट ताकदीचा. त्याचा आणि लिफ्टचा मेन स्विच एकच ठेवण्याची कल्पनाही माझीच: दोन स्विच म्हणजे दोन कटकटी. पंप सुरू झाला की लिफ्ट किंचित दचकते. लोकांनी सवय करून घ्यावी.

९ फेब्रुवारी
आनंदवार्ता. कन्या वीस तारखेला नातीला घेऊन येणार. नात दोन महिन्यांची, अर्धे दूध डब्याचे, ते पाण्यात कालवावे लागते. कन्येच्या डॉक्टरांनी बजावले आहे की विहिरीचे पाणी असेल तर नायट्रेट तपासूनच वापरा, एवढ्या लहान बाळाला ते बाधते.

सौभाग्यवतींचा निर्णय तत्काळ: पाण्याचे कॅन मागवायचे. ज्या घरात भूजलशास्त्रज्ञ राहतो, त्या घरात विकतचे पाणी! मी निक्षून सांगितले की वीस तारखेपूर्वी मॉडेल पूर्ण करून पाण्याची शुद्धता सिद्ध करीन. त्या म्हणाल्या, बाळ मॉडेल पिणार नाही. विज्ञानावर श्रद्धा नसलेल्या स्त्रीशी तीस वर्षे संसार केला, हे माझे खरे संशोधन.

१२ फेब्रुवारी, दुपार
ऑफिसच्या रसायनशाळेतल्या बाईंकडे सातव्या विहिरीची बाटली दिली. त्यांचा निष्कर्ष: नायट्रेट मर्यादेच्या वर, क्षार थेट नदीसारखे. मी नम्रपणे सुचवले की बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. बाई म्हणाल्या, बाटलीवर अक्षर तुमचेच आहे.

उकळून घेऊ, असे मी सुचवले. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही, उलट पाणी आटून ते दाट होते, असे बाईंनी सांगितले. रसायनशास्त्र हा मुळातच निराशावादी विषय.

१३ फेब्रुवारी
महत्त्वाचा निर्णय. क्रमांक सात डेटामधून वगळली. शास्त्रात अशा बिंदूला अपवाद म्हणतात. उरलेल्या सात विहिरींवर कॅलिब्रेशन केले, म्हणजे मॉडेलचे आकडे आणि मोजलेले आकडे एकमेकांस भेटवले. काय ती भेट! डोळे पाणावले.

घरी सांगितले. सौ.नी विचारले, आपण पितो ती विहीर यात कुठे आहे? मी म्हणालो, ती सांख्यिकीदृष्ट्या अस्तित्वात नाही. त्यांनी माझ्यापुढे रिकामा तांब्या ठेवला आणि आत गेल्या.

१७ फेब्रुवारी
ऑफिसात सादरीकरण. रंगीत नकाशे, निळे बाण, सगळे विहिरींकडून नदीकडे. साहेबांनी एकच प्रश्न विचारला: लोक पंपाने पाणी उपसतात, ते मॉडेलमध्ये कुठे घातले आहे? मी उत्तरलो, माझे मॉडेल निसर्गाचे आहे. मनुष्याचा उपसा हा क्षणिक गोंगाट. साहेबांनी चष्मा काढून पुसला. बहुधा भारावले.

मागच्या बाकावर रसायनशाळेतल्या बाईंना खोकला आला. हवा कोरडी आहे.

२० फेब्रुवारी, सायंकाळ
कन्या आली. नात साक्षात माझा तोंडवळा. सध्या केस नाहीत म्हणून तर फारच. सामानात दोन कॅन. सौ.नी फोनवर फितुरी केलेली दिसते.

जेवणानंतर मी सिद्धान्त मांडला. बाणांसह. कन्येने शांतपणे ऐकले. लहानपणी गणित सोडवून दाखवल्यावर ऐकायची, तशीच. मग दुधाची रिकामी बाटली माझ्यापुढे धरली.

“बाबा, तुम्ही म्हणत असाल तर मी नळाच्याच पाण्यात दूध कालवते. नक्की म्हणता ना?”

मला ठसका लागला. तो थांबेपर्यंत सौ.नी कॅन उघडला होता. ठसका संशयास्पद वेळी आला, हे मान्य. परंतु त्याचे कारण वैद्यकीय आहे.

२१ फेब्रुवारी
मॉडेल उघडले नाही. नातीला मांडीवर घेऊन बसलो. तिने माझ्या सदऱ्यावर आपले मत व्यक्त केले.

नक्की म्हणतो, एवढे दोन शब्द. ऑफिसात चाळीस मिनिटे बोललो, तेव्हा एकदाही अडखळलो नव्हतो.

२३ फेब्रुवारी, सकाळ
काल दुपारपासून वीज नाही. सातवी विहीर सहज म्हणून मोजली. पातळी वर! नदीच्याही वर! निसर्गाने अखेर माझी बाजू घेतली. पाच मजले चढून घरी सांगितले. कन्या टाळ्या वाजवणार होती, पण हातात बाळ होते.

तीच सकाळ, थोड्या वेळाने
साक्षीसाठी मास्तरांना घेऊन पुन्हा विहिरीवर गेलो. टेप सोडला, तोच वीज आली. पंप सुरू झाला. पाणी माझ्या डोळ्यांदेखत खाली जाऊ लागले. योगायोग.

पंप बंद करवला. पाणी सावकाश वर आले. दुसरा योगायोग. पुन्हा सुरू करवला. पुन्हा खाली. मास्तर म्हणाले, आमच्या वेळी तीनदा झालेल्या योगायोगाला नियम म्हणायचे. त्यांना धन्यवाद देऊन वाटेला लावले.

२४ फेब्रुवारी
केवळ साहेबांच्या समाधानासाठी मॉडेलमध्ये पंप घातला. माझा पंप. दुप्पट ताकदीचा.

आठही विहिरी मॉडेलच्या रेषेवर आल्या. क्रमांक सात सर्वांत आधी. इतके देखणे कॅलिब्रेशन माझ्या कारकिर्दीत झाले नाही. निळे बाण मात्र आमच्या इमारतीपाशी उलटे फिरले आहेत. मी गेले वर्षभर नदी ओढून आणून पाच मजल्यांना पाजतो आहे.

बाईंची बाटली खरी. मास्तरांचे नाक खरे. टेप आखडलेला नव्हता.

२५ फेब्रुवारी
कन्येला सांगितले. मी म्हणालो, नळाचे पाणी बाळाला अजिबात देऊ नकोस. नक्की म्हणतो. या वेळी ठसका लागला नाही. तिने मान डोलावली आणि बाळाची बाटली धुवायला घेतली. टोमणा मारला नाही, हे तिने आईकडून घेतलेले नाही.

पंप थेट मेन स्विचपासून बंद करण्याचा हुकूम अध्यक्ष या नात्याने स्वतःच काढला. वरकामासाठी टँकर, पिण्यासाठी कॅन. मास्तरांनी विचारले, नव्या वस्तूचा वास गेला वाटते.

२६ फेब्रुवारी
लिफ्ट बंद. का, म्हणून वायरमनला बोलावले. पंप आणि लिफ्ट एकाच स्विचवर आहेत, असे त्याने मला, समजावून, सांगितले. वेगळे करायला आठवडा लागेल. हे कोणी केले, असे त्याने विचारले. मी म्हणालो, जुनी इमारत आहे.

कॅनवाला तळमजल्यावरच कॅन ठेवून गेला. सौ. गॅलरीतून खाली पाहत होत्या. बोलल्या फक्त एवढेच: “अहो, सावकाश. बाळ झोपलंय.”

दोन खेपा झाल्या. तिसरी बाकी आहे. चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसून हे लिहीत आहे.

पाणी उंचावरून सखलाकडे जाते, या सिद्धान्तात तसूभरही चूक नव्हती. उलट न्यायचे असेल तर पंप लागतो. इमारतीत सध्या एकच चालू आहे, आणि तो वयाने पंचावन्न.