बाबूजींवर भरधाव गाडीचा खटला

बाबूजी,

तुमच्यावर खटला झाला. स्कूटर भरधाव चालवल्याचा. हसू नका, आधी मीही हसलीच. पोस्टमननं अंगणात सायकल टेकवली, तुमचं पूर्ण नाव वाचलं आणि विचारलं, "सही कोण करतं?" माय चुलीपाशी अंबाडी निवडत होती. तिथूनच म्हणाली, "मेलेल्या माणसाले कोण कागद धाडून राहिलं, बाई?" मी वाचून दाखवलं. गाडीचा नंबर बरोबर, रस्ता बरोबर, आणि चालक म्हणून तुमचं नाव. चालवत मी होती. कामठ्याच्या शाळेत पोचायला उशीर झाला होता, वळणावरचे पोलीस मला दिसलेही नाहीत. त्यांनी नंबर टिपला, मालकाचं नाव काढलं आणि त्यालाच गाडीवर बसवून टाकलं. भंडाऱ्यापासून आपला जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी तुम्ही गेलात, तरी स्कूटर आम्ही कोणाच्या नावावर केली नाही. आपल्या दवनीवाड्यात करतं तरी कोण? सातबाऱ्यावर तुमच्याही आधी गेलेला आजा अजून धान पेरून राहिला आहे.

माझं हसू थांबलं ते मायकडं पाहून. तिच्या हातातली अंबाडी तशीच राहिली होती. "तुझ्या बाबूजीनं कधी गाडी पळवली का? हे खोटं आहे. जा, खोडून आण," म्हणाली. तिचं खरंच होतं. गावातली कोणतीही बाळंतीण गोंदियाच्या दवाखान्यातून घरी यायची ती तुमच्या मागं बसून, कारण तुमच्या स्कूटरवर लेकरू जागं होत नाही असं सगळ्या बाया सांगायच्या. पोरं तुमच्यासोबत धावायची आणि पुढं निघून जायची. राइस मिलमागच्या मैदानात तुम्ही मला शिकवताय, मी जरा मूठ पिळते आणि तुम्ही मागून ओरडताय, "कायले पळवतं वं? गाव कुठं पळून जाऊन राहिलं का?" त्या दिवशी मला राग आला होता. मैत्रिणी बघत होत्या ना! संध्याकाळी तुम्ही स्कूटरची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि हातपाय धुवायला गेलात.

कागद खोडून आणायचा म्हणजे काय, हे मायला कुठं माहीत? पोलीस ठाण्यातला माणूस म्हणाला, "अरे मॅडम, छोटासा फाइन है, भर दो, खतम करो." पैशाचं मला काही नव्हतं. पण फाइन भरायचा तर खाली लिहून द्यावं लागत होतं की गुन्हा कबूल आहे. तुमच्या वतीनं. मी म्हटलं, नाही करणार. हळू चालवता म्हणून तुम्ही आयुष्यभर चेष्टा सोसली, आणि तुम्ही गाडी पळवली नाही असं सांगायला जगात मी एकटी उरली होती. त्यानं मला वेडी समजून हात जोडले. "तो फिर कोर्ट जाओ."

गेली मी. एकदा साहेब रजेवर, एकदा नंबरच आला नाही. नंतरच्या तारखेला एकदाची उभी राहिली. तुमच्या मृत्यूचा दाखला दिला आणि सगळं पाठ केलेलं बोलली. साहेब, हे गाडीवर नव्हते. मी होती. लिहिणाऱ्याची चूक आहे, ती दुरुस्त करा, शिक्षा मला द्या. साहेबांनी फक्त दाखला पाहिला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "आरोपी मयत आहे, प्रकरण बंद. जा तुम्ही." मी म्हटलं, "साहेब, मग ते निर्दोष आहेत एवढं लिहा ना." साहेब म्हणाले, "मेलेल्या माणसाची सुनावणी होत नाही, बाई." आणि पुढचं प्रकरण घेतलं. मी कबूल केलेला गुन्हा कोणी लिहूनसुद्धा घेतला नाही. बाहेर येऊन मी भिंतीशी उभी राहून रडली. तुमचं नाव त्या कागदावर आरोपी म्हणूनच राहिलं, बाबूजी. तुम्ही मेलेले होतात म्हणून सुटलात, गाडी हळू चालवायचात म्हणून नाही. हे आता कुठंच, कोणाकडूनच दुरुस्त होणार नाही.

घरी मायनं विचारलं, "खोडलं का?" मी म्हटलं, "सुटले." तिनं तुमच्या फोटोकडं पाहून मान हलवली आणि मला जेवायला वाढलं. स्कूटर आता घरापुढच्या छपरीत उभी असते. नावावर करून घ्या म्हणून सगळे सांगतात, मी हो म्हणते.

तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठं टाकणार मी? घडी करून डिक्कीत ठेवते. एक मात्र मायलाही सांगितलं नाही. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात शिपायानं तुमच्या नावाचा पुकारा केला. पूर्ण नाव, आजाच्या नावासकट, मोठ्यानं, जसं काही तुम्ही तिथंच कुठं चहा घेत असाल. किती वर्षांत कोणी तुम्हाला अशी हाक मारली नव्हती. मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. तिसऱ्यांदा पुकारेपर्यंत मी बाकावरून उठली नाही.