टेपखालचे दोन ड्रायव्हर

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकतीस, अविवाहित, गोल्फच्या सराव मैदानावरील कार्यशाळेत तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. याबद्दल कोणाला शंका असल्यास ती कलम पाच वाचून झाल्यावर घ्यावी, आधी नको. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यातली निम्मी वाक्ये काढून टाकावीत असा दबाव माझ्या वकील मैत्रिणीने आणला होता, तो मी मानलेला नाही. अंमलबजावणीचे काम तिच्याकडेच आहे.

हे लिहिण्याचे कारण असे की बुधवारी माझ्या डाव्या कानामागची गाठ काढायची आहे. गाठ साधी आहे, जागा साधी नाही. सर्जननी टक्केवारी सांगितली आणि ती चांगली आहे. परंतु टक्केवारी समजावून सांगणे हाच माझा रोजचा धंदा असल्यामुळे, चांगल्या टक्केवारीतून उरलेला भागही कोणाच्या तरी वाट्याला येतो हे मला माहीत आहे. घरी मी "कानाचं किरकोळ काम आहे" एवढेच सांगितले आहे.

१. घर. माझा दोन खोल्यांचा फ्लॅट माझे वडील (पुढे 'बाबा') आणि थोरला भाऊ (पुढे 'दादा') यांना निम्मा-निम्मा, पण विभागणी न करता द्यावा. वकील म्हणाली, "एकत्र नको देऊस गं. विकायचा म्हटला तरी दोघांना एका टेबलाशी बसावं लागेल."

मी म्हणाले, "हो."

तिने पेन खाली ठेवले. कलम तसेच आहे. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो. तो बिघडलेला नाही, दादाने बसवलेला आहे. बाबांनी तो दुरुस्त करू नये.

२. बँकेत जे काही असेल त्यातून आधी रुग्णालयाचे बिल भागवावे. उरेल ते वहिनीला द्यावे. बाबा आणि दादा यांच्या वादात "तुमचंच बरोबर" असे दोघांनाही वेगवेगळे सांगण्याचा मोह तिला आजवर झालेला नाही. आमच्या घरात लग्न होऊन आलेल्या माणसाकडून इतकी शिस्त मी अपेक्षिलेली नव्हती.

३. हत्यारे. टॉर्कचा पाना, दांडे कापण्याची करवत, वजनकाटा आणि शिशाच्या पट्ट्यांचा डबा माझ्या जागी जो कोणी येईल त्याला द्यावा. वजनकाटा वापरण्याआधी टेबल सपाट आहे का ते पाहावे. टेबल सपाट नाही.

आमच्या मैदानावरचे प्रशिक्षक नव्या गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देताना म्हणतात, "खेळ मी शिकवतो, मॅडम फक्त मशीनचं बटण दाबतात." फटके मोजणाऱ्या त्या मशीनचे एक जुने, निकामी झालेले बटण माझ्या वरच्या खणात आहे. ते त्यांना द्यावे.

४. व्याख्या. या कागदात 'ड्रायव्हर' म्हणजे गोल्फचा सर्वांत लांब दांड्याचा क्लब, ज्याने पहिला, लांबचा फटका मारतात. अलीकडे त्याचे डोके मोठे करून वजन मागे आणि कडांना पसरवतात. मग चेंडू मध्यभागी लागला नाही तरी डोके हातात फारसे पिळत नाही आणि चेंडू बऱ्यापैकी सरळ जातो. अशा ड्रायव्हरला चुका पोटात घालणारा म्हणतात. या गुणावर दुकाने चालतात, कारण चेंडू मध्यभागी मारणारी गिऱ्हाइके फारशी नाहीत, मात्र आपल्याला त्याची गरज आहे असे उघड कबूल करणारी त्याहूनही कमी आहेत.

५. टेप. हे कलम सविस्तर आहे.

बाबांनी आयुष्यभर सरकारी खात्यात जमिनी मोजल्या. दादा लोकांच्या घरांत फॉल्स सीलिंग बसवतो. "चांगल्या छताखाली खोटं छत लावायचं, हा काय धंदा झाला?" हा बाबांचा प्रश्न, आणि "लोकांच्या बांधावर साखळी धरून उभं राहायचं, हा तरी काय होता?" हे दादाचे उत्तर. हे दोन्ही आईला उद्देशून बोलले गेले. आई असताना ते दोघे तिच्यामार्फतच बोलत, एकाच टेबलावर जेवताना.

"त्याला सांग, गाडी फाटकात लावलीय."

"त्यांना सांग, जेवण झालं की काढतो."

आई निरोप पोचवताना त्यातले शब्द बदलत असे. ते तिचे कौशल्य होते. ती गेल्यावर निरोप बंद झाले आणि त्याबरोबर बोलणेही. दोघे आपापल्या घरी नीट राहत होते, नीट जेवत होते, आणि दोन वर्षे एकमेकांना भेटले नाहीत. भांडण झाले असते तर निदान ते मिटवता आले असते.

दोघेही आमच्या मैदानावर सरावाला येत, वेगवेगळ्या वारी. मग बाबांचे फटके उजवीकडे वळू लागले आणि त्यांनी एक काळा ड्रायव्हर घेतला. त्याचे वजन अगदी मागे आहे. दादाने त्याच सुमारास एक निळा घेतला. त्याचा पुढचा भाग कार्बनचा आहे, त्यामुळे चेंडू जरा जोरात सुटतो. दोन्ही चुका पोटात घालणारेच. दोघांनी ते मला दाखवायला आणले, वेगवेगळ्या दिवशी, आणि दोघांनी मला एकच विचारले: चांगला कोणाचा? एका रविवारी ते चुकून एकाच वेळी आले.

बाबा मला म्हणाले, "त्याला सांग, सरळ जाण्याला महत्त्व आहे. लांब जाऊन झुडपात पडलेल्या चेंडूचं काय करायचं?"

दादा मला म्हणाला, "त्यांना सांग, झुडपापर्यंत पोचायलाही ताकद लागते."

दोघेही माझ्यापासून हातभर अंतरावर होते. आईची जागा रिकामी होती आणि ते दोघे मिळून मला तीत ढकलत होते. मला निरोप पोचवता येत नाहीत. मला मोजता येते. मी दोन्ही ड्रायव्हर ताब्यात घेतले.

माझ्या कामाची पद्धत अशी आहे. डोळ्यांनी ओळखलेल्या क्लबबद्दल माणसाचे मत आधीच झालेले असते, म्हणून चाचणीत क्लब झाकायचा. मी दोन्ही डोक्यांना काळी टेप गुंडाळली. आकारात किंचित फरक होता, तो टेपच्या थरांनी भरून काढला. दांडे सारखे बसवले, वजन शिशाच्या पट्टीने सारखे केले. आवाज वेगवेगळा होता, म्हणून दोघांच्या कानात कापसाचे बोळे घातले. टेपखाली कोणता काळा आणि कोणता निळा हे फक्त मला माहीत आहे.

कापसामुळे एक गोष्ट झाली जी मी योजलेली नव्हती. दोघांना माझे बोलणे ऐकू येईना. मग बाबा थेट दादाकडे वळून ओरडले, "खांदा लवकर फिरवतोयस!"

दादा ओरडला, "तुम्हीही!"

कॅन्टीन चालवणाऱ्या मावशी धावत आल्या. त्यांना वाटले मारामारी होणार. मी सांगितले, "नाही, बोलताहेत."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते फटके मारण्याच्या सहा क्रमांकाच्या जागी येतात. आळीपाळीने दोन्ही ड्रायव्हर मारतात. चेंडू चांगला गेला की बाबा म्हणतात हा काळाच, आणि दादा म्हणतो हा निळाच. मी मशीनच्या पडद्यावरचे आकडे टिपते आणि चेहरा हलवत नाही. शेवटी दोघे विचारतात, "लागला निकाल?" मी सांगते, "नमुना अजून कमी आहे." मग ते चहा पितात आणि पुढच्या रविवारी पुन्हा येतात. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. हे अजून दोघांच्याही लक्षात आलेले नाही.

वकीलबाईंनी इथे विचारले, "खरंच कमी आहे नमुना?"

"नाही. निकाल मागच्या हिवाळ्यातच लागला."

"कुणाचा चांगला?"

"दोघांनाही आवडणार नाही असा आहे."

"मग सांगून मोकळी का होत नाहीस? तुझ्या डोक्याला एवढा ताप चाललाय आणि तू—"

"सांगितल्यावर ते रविवारी कशाला येतील?"

तिने या कलमावर पेनाचे टोक टेकवले. मग वकिलासारखी म्हणाली, "पण ड्रायव्हर तुझे नाहीत. एक बाबांचा, एक दादाचा. जी वस्तू तुझी नाही ती मृत्युपत्रात कशी लिहिणार?"

"टेप माझी आहे."

हे तिला कायद्याने खोडता आले नाही. सबब:

(अ) दोन्ही ड्रायव्हरांवर गुंडाळलेली टेप बाबा आणि दादा या दोघांना एकत्र, न विभागता देत आहे. एका डोक्यावरची एकाला आणि दुसऱ्यावरची दुसऱ्याला, असे नाही. दोन्हींवरची टेप दोघांची.

(आ) ती काढायची झाल्यास दोघांनी हजर राहून, त्याच जागी, नमुना पुरेसा झाल्यावरच काढावी.

(इ) नमुना पुरेसा झाला की नाही हे दोघांनी एकमताने ठरवावे. माझ्या माहितीत त्यांचे एकमत आजवर एकदाच झाले आहे. आईचा चष्मा फ्रीजवर ठेवलेला असतो, तो तिथून हलवायचा नाही, यावर.

(ई) कापसाचे बोळे चालू ठेवावेत.

(उ) दोघांपैकी कोणी एकट्याने टेप काढली, तर कलम एकमधला त्याचा हिस्सा आमच्या प्रशिक्षकांना जावा. वकील हे वाचून पहिल्यांदा हसली. "कोर्टात टिकणार नाही हे."

"टिकायची गरज नाही. बाबांना नुसती कल्पना पुरे." प्रशिक्षकांनी एकदा बाबांना "काका, या वयात कंबर जपा" असे सर्वांसमोर सांगितले होते.

(ऊ) निकाल मी कोणालाही देत नाही. तो माझा आहे आणि माझ्याबरोबर जाईल. हे कळल्यावर बाबा आणि दादा माझ्यावर चिडतील. त्यांना एकत्र चिडायला एक विषय मिळेल, माझी हरकत नाही. टेपखाली काय आहे हे कधीतरी त्यांना दिसेलच, पण कोणता ड्रायव्हर कोणाच्या हातात चांगला चालतो हे त्यांना स्वतः मोजावे लागेल. मोजायला दोन माणसे लागतात. एक मारतो, दुसरा पडद्याकडे पाहतो.

६. अंत्यविधी साधा असावा. भाषणे नकोत. कोणाला बोलल्याशिवाय राहवलेच नाही, तर बाबा आणि दादा यांनी बोलावे, पण एकमेकांशी.

७. बुधवारनंतर मी जिवंत असल्यास हा कागद वकिलाच्या कपाटात राहील आणि याबद्दल कोणी मला काही विचारणार नाही. हे विशेषकरून वकिलासाठी लिहिले आहे.

सही करताना दोन साक्षीदार समोर हवेत आणि ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नसावेत, असे वकिलाने बजावले आहे. त्यामुळे ज्या दोघांना मी सर्वांत जास्त ओळखते त्यांना वगळून, मैदानावरच्या दोन जाणत्या माणसांना बोलावले आहे. बाबा आणि दादा सहा क्रमांकावर आहेत. मी काय लिहीत आहे असे दादाने मघाशी विचारले. मी "काम" म्हणाले. ते खोटे नाही.

वरचे सर्व मी वाचून पाहिले आहे. बदल करायचा नाही.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला: मी मैदानावर चेंडू गोळा करणारा ट्रॅक्टर चालवतो. ताईंनी माझ्यासमोर सही केली. आत काय आहे ते मी वाचलेले नाही. सहीसाठी ट्रॅक्टर मैदानाच्या मधोमध थांबवावा लागला, तेवढ्यात ताईंच्या वडिलांचा एक चेंडू टपावर लागला. सरळ आला होता.

(सही)

साक्षीदार दुसरी: मी कॅन्टीन चालवते. मीही आतले वाचलेले नाही, पण वकीलबाईंनी सांगितले की जे पाहिले ते लिहा, म्हणून लिहिते. पोरीने सही केली तेव्हा हात स्थिर होता. मग तिने पेनाला टोपण लावले. तेवढ्यात तिचे वडील आणि भाऊ आमच्याजवळ आले. भाऊ मोठ्याने म्हणाला, "आज तरी सांगून टाक ना. बुधवारी तू आत जाणार, मग आम्ही काय टांगणीला राहायचं?" ती म्हणाली, "पुढच्या रविवारी सांगते." वडिलांनी एका कानातला कापूस काढला. त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिले, आम्हा दोघा साक्षीदारांकडे पाहिले, मग तिच्याकडे. नेहमी तेच घाई करतात, आज हळू म्हणाले, "राहू दे. नमुना अजून कमी आहे." मग कापूस परत कानात घातला आणि मुलाला ओरडून सांगितले की चल, तुझी पाळी आहे.

टेप दोन्हींवर तशीच होती. हे मी मुद्दाम पाहिले.

(सही)

स्थळ: सराव मैदान, कॅन्टीनचे बाहेरचे टेबल, सहा क्रमांकाच्या मागे.
दिनांक: बुधवारच्या आधीचा रविवार, सकाळ.